भिंतीतली जुनी केबल आणि नवी डिश : पंचवीस दिवसांचा हिशेब

आमच्या टीव्हीमागच्या भिंतीवर एक पांढरं चौकोनी सॉकेट आहे. घराचं वायरिंग झालं तेव्हाच, म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी, ते बसलं. त्याच्या पाठीमागची काळी केबल भिंतीतल्या पाइपातून माळ्यावर जाते, माळ्यावरून जिन्यातल्या डक्टमध्ये आणि डक्टमधून गच्चीवर. इतकी वर्षं तिच्यातून केबल टीव्ही येत होता. जानेवारीअखेर आम्ही तो बंद केला आणि डिश घ्यायचं ठरवलं. माझ्या डोक्यातलं चित्र सोपं होतं. गच्चीवर डिश बसेल, तिची वायर या जुन्या केबलला जोडतील, खाली बॉक्स लागेल. तासाभराचं काम. प्रत्यक्षात ३ फेब्रुवारीला नोंदणी केली आणि सगळी चॅनेल दिसली ती २८ फेब्रुवारीला.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही. तरी लिहिते आहे, कारण या विषयावर विचारायला गेलं की दोनच उत्तरं कानावर पडतात. एक, जुनी केबल डिशला अजिबात चालत नाही. दोन, काही फरक पडत नाही, बिनधास्त जोडा. माझ्या घरात दोन्ही खोटी ठरली.

३ तारखेला फोनवर नोंदणी केली तेव्हा त्यांनी विचारलं, गच्चीवर जागा आहे का, परवानगी आहे का, टीव्ही किती. केबलचं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ही पहिली चूक. ‘भिंतीतली जुनी केबल वापरायची आहे’ हे वाक्य नोंदणीच्या वेळीच सांगा आणि विनंतीच्या नोंदीत टाकून घ्या. जोडणीच्या रकमेत ठरावीक मीटर केबलच धरलेली असते, त्यापुढे मीटरमागे आकार लागतो, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. मला ते घरी माणूस आल्यावर कळलं.

५ तारखेला इमारतीच्या व्यवस्थापन समितीकडे गच्चीच्या परवानगीचा अर्ज दिला. दीड पानी फॉर्म. डिशचा व्यास किती, कठड्याला भोकं पाडणार का, गळती झाली तर जबाबदारी कुणाची, केबल कोणत्या मार्गाने नेणार. शेवटच्या रकान्यात मी ‘अस्तित्वात असलेल्या केबलमधून’ असं लिहिलं आणि त्याचा फायदा झाला. बाहेरच्या भिंतीवर आणखी एक वायर लोंबणार नाही म्हटल्यावर कुणी हरकत घेतली नाही. तरी दोन सह्या लागत होत्या आणि सही करणाऱ्यांपैकी एक जण बाहेरगावी. परवानगी हातात पडली १४ तारखेला.

मधल्या काळात, ७ तारखेला, जोडणीसाठी दोन मुलं येऊन गेली. परवानगी नव्हती म्हणून निदान जागा तरी बघा म्हटलं. त्यातल्या मोठ्याने सॉकेट उघडलं, केबल दोन बोटांत धरून पाहिली आणि परत आत सारली.

“ताई, ही नाही चालायची. फिफ्टी-नाइन आहे ही. डिशला आरजी-सिक्सच लागते.”

“पण सिग्नल तर येईल ना हिच्यातून?”

“येईलही. पण मग तुम्ही कम्प्लेंट टाकता आणि ती आमच्या नावावर लागते.”

(आरजी-५९ आणि आरजी-६ हे केबलचे दोन प्रकार, पहिली बारीक, दुसरी जाड.) त्याचं त्याच्या बाजूने बरोबरच होतं. दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी भिंतीत पुरलेल्या केबलची हमी त्याने का घ्यावी? त्याचा पर्याय असा : गच्चीवरून बाहेरच्या भिंतीने केबल खाली सोडायची, खिडकीच्या चौकटीत भोक पाडून आत घ्यायची आणि दोन दारांच्या वरून फिरवत टीव्हीपर्यंत आणायची.

आई सोफ्यावरून ऐकत होती. “अरे बाळा, आत्ताच रंग दिलाय घराला.”

“मावशी, कोपऱ्याकोपऱ्यातून नेऊ. दिसणारसुद्धा नाही.”

“न दिसणाऱ्या वायरी मी पुष्कळ बघितल्यात,” आई म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

संध्याकाळी मोबाइलवर संदेश : ‘ग्राहकाच्या विनंतीवरून काम पुढे ढकलले.’ मी अशी विनंती केली नव्हती. वीस मिनिटं फोन धरून ती नोंद ‘जागेची पूर्वतयारी बाकी’ अशी बदलून घेतली आणि पुढची तारीख २१ घेतली. अशा नोंदी बारीक वाटतात, पण पुढे फेरीचा आकार लावायचा की नाही हे त्यावरून ठरतं. संदेश आला की वाचा, चुकीचा असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या.

आता मला चौदा दिवस मिळाले होते. सुरुवात वाचण्यापासून केली. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

उपग्रहाकडून येणारा सिग्नल १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. इतक्या वरची वारंवारिता साध्या केबलमधून आणायला गेलं तर वाटेतच विरून जाईल. म्हणून डिशच्या तोंडाशी एलएनबी नावाचं जे बोंड असतं ते हा सिग्नल वाढवतं आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवून खाली पाठवतं. जुना केबल टीव्ही हजार मेगाहर्ट्झच्या आतच चालायचा. म्हणजे माझ्या केबलने आयुष्यभर जेवढं वाहिलं त्याच्या दुपटीहून वरची वारंवारिता तिने आता वाहायची होती. वारंवारिता वाढली की वाटेतला तोटाही वाढतो. अगदी तेवढ्या पटीत नाही, साधारण तिच्या वर्गमुळाच्या पटीत.

मग आकडे काढले. सिग्नलची घट-वाढ डेसिबलमध्ये मोजतात. पट्ट्याच्या वरच्या टोकाला आरजी-५९ मध्ये शंभर मीटरला साधारण ४० डेसिबल जातात, आरजी-६ मध्ये ३२ च्या आसपास. माझी केबल किती लांब? जिन्यात आणि घरात सुतळी धरून मोजली, भिंतीतला भाग अंदाजाने धरला, २८ मीटर भरली. म्हणजे जुन्या केबलमध्ये ११ डेसिबल जाणार, नवी ओढली असती तर ९. फरक दोनाचा. आणि एलएनबी वर बसून सिग्नल पन्नासहून जास्त डेसिबलने वाढवत असतो. शिवाय चित्राची प्रत बरीचशी डिश आणि एलएनबीपाशीच ठरते, त्यानंतर केबलमध्ये थोडं गेलं तरी बॉक्सला पुरेसं उरतं. दोन डेसिबलसाठी नव्या रंगाला भोकं पाडायची? केबल सत्तर मीटर असती तर हाच फरक साडेपाच-सहा डेसिबलवर गेला असता, म्हणजे ताकद जवळजवळ पाव. मग मी निमूटपणे नवी ओढून घेतली असती.

त्याच वाचनात आणखी एक गोष्ट होती, जी मी वाचली आणि पुढे गेले. केबलमधून सिग्नल खाली येतो आणि वीज वर जाते. एलएनबीला चालायला लागणारी वीज बॉक्स त्याच केबलमधून चढवतो, कधी १३ व्होल्ट, कधी १८. तेरा आले की एलएनबी उभ्या ध्रुवणाची, म्हणजे ज्यांच्या लहरी उभ्या दिशेत हलतात ती, चॅनेल देतो, अठरा आले की आडव्या. हे वाक्य मी तेव्हाच नीट घेतलं असतं तर पुढचा एक आठवडा वाचला असता.

८ तारखेला केबलची तपासणी केली. आधी सॉकेट काढलं. केबलच्या आवरणावर छपाई असते, ती बॅटरीच्या तिरप्या उजेडात वाचता येते. ‘७५ ओहम’ एवढं दिसलं आणि जीव भांड्यात पडला, कारण टीव्हीची केबल ७५ ओहमचीच हवी (हा आकडा सिग्नलसाठीचा, पुढे मीटरवर मोजलेला विजेचा विरोध वेगळा). जाडी साधारण ६ मिलिमीटर. आरजी-६ सातच्या जवळ असते आणि तिची मधली तारही जाड असते. मग मधल्या तारेला लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटलं. म्हणजे तार शुद्ध तांब्याची नव्हती, आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा. सिग्नलला त्याने बिघडत नाही, इतक्या उच्च वारंवारितेला प्रवाह तारेच्या कातडीतूनच वाहतो. विजेला मात्र फरक पडतो, पोलादात तिला जास्त विरोध होतो. हेही मी वहीत लिहून ठेवलं आणि विसरले.

मराठी पुस्तकांत हिला समाक्ष केबल म्हणतात. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांचा अक्ष एकच. ऑलिव्हर हेविसाइडने १८८० साली इंग्लंडमध्ये या रचनेचं पेटंट घेतलं होतं. तार नेमकी मध्यावर राहण्यावरच सगळं अवलंबून आहे, म्हणून केबल कुठे खिळ्याने चेपलेली किंवा काटकोनात मुडपलेली असेल तर तिथून सिग्नलचा काही भाग उलटा फिरतो. माझ्याकडे माळ्यावर एक असा खिळा निघाला. वाकवायचीच झाली तर केबलच्या जाडीच्या दहापट त्रिज्येचं वळण द्यावं असं सांगतात, म्हणजे आमच्या केबलला सहा सेंटिमीटर.

सॉकेटच्या आत केबल थेट जोडलेली नव्हती. मध्ये एक छोटी पट्टी आणि तिच्यावर दोन कपॅसिटर. कपॅसिटरमधून सिग्नल जातो, पण सरळ वीज जात नाही. जुन्या केबल टीव्हीला वर वीज पाठवायचीच नव्हती, त्यामुळे ते चालून गेलं. डिशला असं सॉकेट म्हणजे बंद दार. ते काढून साधं आरपार जोडणारं एफ सॉकेट बसवलं.

मग सलगता, म्हणजे केबल मध्ये कुठे तुटलेली नाही ना, हे तपासायचं होतं. टीव्हीच्या टोकाला मधली तार आणि जाळी यांना ॲल्युमिनियमच्या चंदेरी कागदाने एकत्र गुंडाळलं आणि गच्चीवर जाऊन मल्टिमीटर बझरवर लावला, वाट सलग असेल तर तो वाजतो. आवाज नाही. खाली येऊन कागद परत घट्ट केला, वर गेले. आवाज नाही. चौथ्या फेरीनंतर आई म्हणाली, “अगं, माळ्यावर एक डबी आहे तिला जोडलेली. तुझ्या बाबांनी आतल्या खोलीत दुसरा टीव्ही लावला होता तेव्हाची.”

बॅगांच्या मागे स्प्लिटर निघाला. त्यावर छापलं होतं, ५–१००० मेगाहर्ट्झ. म्हणजे डिशच्या सिग्नलचा जवळजवळ सगळा पट्टा त्याच्या मर्यादेबाहेर, आणि वीजही तो पुढे जाऊ देत नाही. काढून टाकला आणि त्या जागी दोन कनेक्टर जोडणारा साधा कपलर लावला. कपलर घेताना तो ३ गिगाहर्ट्झपर्यंतचा घ्या, जुन्या डब्यातला उचलून लावू नका. पुन्हा गच्चीवर. बझर वाजला आणि मी काम झालं असं समजले.

(आतल्या खोलीत डिशवर दुसरा टीव्ही चालावा अशी इच्छा असेल तर नुसता स्प्लिटर बदलून भागत नाही. एका टीव्हीने १३ व्होल्ट मागितले आणि दुसऱ्याने १८, तर एकाच तोंडाचा एलएनबी कुणाचं ऐकणार? त्याला दोन तोंडांचा एलएनबी आणि गच्चीपासून दुसरी केबल लागते, किंवा एकाच केबलवर अनेक बॉक्स चालवणारा खास एलएनबी आणि तसे बॉक्स. आमच्याकडे केबल एक, म्हणून टीव्हीही एकच.)

कनेक्टर लावायला शिकले ते ९ ते १३ तारखेच्या संध्याकाळी. पहिलं पाकीट आरजी-६ चं आणलं, ते आमच्या बारीक केबलवर ढिलं बसून घसरायचं. दुकानदार बदलून देईना. आरजी-५९ चे वेगळे मागावे लागतात. पिळून बसवायचे कनेक्टर सोपे दिसतात, पण महिन्याभरात सैल होतात असं सगळेच सांगतात, म्हणून दाबून बसवायचे घेतले आणि त्यांचं हत्यार शेजारच्या काकांकडून उसनं आणलं. वरचं आवरण सोलायचं, जाळी मागे उलटवायची, पांढरा फोम कापायचा, मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर तीनेक मिलिमीटर राहील एवढी ठेवायची. तीन कनेक्टर वाया गेले. पहिल्यात फोम कापताना तारेवरचा तांब्याचा मुलामा खरवडला. दुसऱ्यात जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तारेला चिकटला होता, तो आईने चष्मा लावून दाखवला. तसंच लावलं असतं तर बॉक्सने शॉर्टची सूचना देऊन वीज तोडली असती. तिसरा कसा बिघडला ते सांगण्यासारखं नाही.

बिघडलेला प्रत्येक कनेक्टर केबलचे दोन-तीन सेंटिमीटर खातो. भिंतीतून बाहेर वीतभरच केबल असेल तर आधी तुकड्यावर सराव करा. मी तो सल्ला उशिरा स्वतःला दिला.

२१ तारखेला यावेळी एक वयस्कर गृहस्थ आले, कपाळाला चष्मा. त्यांनी आधी एक कागद पुढे केला : जुनी केबल ग्राहकाच्या जबाबदारीवर वापरली आहे, केबलसंबंधी तक्रार हमीत धरली जाणार नाही. वाचून सही केली. त्यात ‘केबल’ हा एकच शब्द आहे ना, डिश आणि एलएनबीची हमी शाबूत आहे ना, एवढं विचारून घेतलं. ते म्हणाले, “हो ताई, तेवढ्यापुरतंच आहे.” मग गच्चीवर जाऊन त्यांनी मी लावलेला कनेक्टर पाहिला, काही न बोलता कापला आणि अर्ध्या मिनिटात नवा लावला. केबलला कनेक्टरच्या आधी खाली लोंबणारा एक झोल दिला, पावसाचं पाणी थेंबून खाली पडावं, कनेक्टरकडे वळू नये म्हणून.

डिश फिरवून सिग्नल धरला. खाली बॉक्सवर स्ट्रेंग्थ ६४, क्वालिटी ७०. मी खूश. आईने तिचं चॅनेल लावलं, पडदा काळा. दुसरं लावलं, आलं. तिसरं काळं. मोजत गेलो तर निम्मी येत होती, निम्मी गायब.

त्या गृहस्थांनी यादी खालीवर केली. “उभी सगळी येतायत. आडवं एक नाही.” मग वर गेले, डिशपाशी दोन मीटरचा नवा तुकडा लावून त्यांच्या हातातल्या मीटरवर पाहिलं. सगळी होती. “एलएनबी चांगला आहे. अठरा व्होल्ट वर पोचत नाहीयेत.”

“पण मी केबल तपासली आहे. बझर वाजला होता.”

“बझरवर नका जाऊ, ताई. बझर वीस-पंचवीस ओहमलापण वाजतो. आकडा बघा.”

बॉक्सचा प्लग काढला, दोन्ही टोकं सोडवली, एक टोक शॉर्ट केलं आणि आकडा पाहिला. २४ ओहम. अठ्ठावीस मीटर जुन्या, पोलादी गाभ्याच्या केबलला जाऊन-येऊन पाचेक ओहम यायला हवे होते. हिशेब त्यांनी तोंडीच केला. एलएनबी साधारण दीडशे मिलिअँपिअर घेतो. २४ ओहमातून तेवढा प्रवाह गेला की साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्च. अठरातून साडेतीन गेले, उरले साडेचौदा. तेरा की अठरा हे एलएनबी ज्या रेषेवरून ठरवतो ती चौदा-पंधराच्या आसपास असते, त्यामुळे साडेचौदा आले की हा अठराच आहे अशी त्याची खात्री पटत नाही. तो उभ्या चॅनेलांवरच बसून राहतो. तेराचे साडेनऊ होऊनही उभी चालत होती, कारण एलएनबीच्या पोटातल्या सर्किटला त्याहून कमी व्होल्टेज पुरतं. आणि स्ट्रेंग्थचा आकडा मात्र छान, कारण बिघडलेल्या जोडातूनही सिग्नल निसटून जातो, वीज जात नाही.

त्यांना पुढचं काम होतं. ‘जोडणी पूर्ण, केबल ग्राहकाची’ असं लिहून ते गेले. त्याच मिनिटापासून महिन्याची वर्गणी सुरू झाली, निम्म्या चॅनेलांवर. हे टाळता आलं असतं. सगळं दिसेपर्यंत सेवा सुरू करू नका असं आधी सांगितलं तर बहुधा ऐकतात, सही झाल्यावर नाही.

त्या रात्री मी चिडले होते. कुणावर ते सांगता आलं नसतं. चौदा दिवस हातात होते, वहीत चुंबकाची नोंद होती, १३ आणि १८ चं वाक्य वाचलेलं होतं, आणि मी एका बझरच्या आवाजावर भाळले. आई म्हणाली, “निम्मी दिसतायत ना, बघू निम्मी.” तिची मालिका दुसऱ्या निम्म्यात होती.

२२ ला माळ्यावरचा कपलर सोडवून केबलचे दोन भाग केले आणि वेगवेगळे मोजले. माळा ते टीव्ही, २.४ ओहम. उत्तम. म्हणजे खोट वरच्या भागात, माळा ते गच्ची, आणि त्यातला दिसणारा तुकडा फक्त जिन्यातल्या डक्टमध्ये. डक्टची किल्ली समितीकडे. २३ ला अर्ज, ‘तपासणीचे कारण’ या रकान्यात काय लिहावं यावर दोन मिनिटं विचार करून ‘टीव्ही’ लिहिलं. किल्ली मिळाली २६ ला. डक्टमधून इमारतीच्या विजेच्या मोठ्या वायरीही जातात, म्हणून एकटीने उघडायचं नाही हे पक्कं होतं. इलेक्ट्रिशियनला शनिवारी, २८ ला वेळ होता.

दार उघडून पाच मिनिटांत सापडलं. वरच्या मजल्याच्या पातळीवर काळ्या टेपचा एक फुगवटा. कधीतरी केबल कमी पडली असणार, तेव्हा कुणीतरी दोन तुकड्यांच्या मधल्या तारा एकमेकींना पिळल्या, जाळ्या एकमेकींवर गुंडाळल्या आणि वर टेप मारली. टेप सोलली तर डिंकाचा चिकट राप आणि आत हिरवट-काळी जाळी. पाणी जाळीत शिरलं की कापडात चढावं तसं पुढे चढत जातं. लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापत जायचं हा नियम. एका बाजूला वीतभर कापलं, दुसऱ्या बाजूला त्याहून जास्त. मग अर्थातच टोकं एकमेकांना पुरेनात. अर्धा मीटर नवीन आरजी-६ चा तुकडा मध्ये घालून दोन कपलरनी जोडला, आणि ते चुकीचं आणलेलं आरजी-६ चं पाकीट शेवटी कामी आलं. जोडांवर ताणून गुंडाळायची रबरी टेप लावली, जी स्वतःच्याच थरांना चिकटून एकजीव होते.

मल्टिमीटर : ५.४ ओहम.

खाली बॉक्स सुरू केला. आई आधीच रिमोट घेऊन बसली होती. सगळी आली. पट्ट्याच्या वरच्या भागातलं एक चॅनेल अधूनमधून चौकटी-चौकटीत फुटत होतं. दोन दिवसांनी लक्षात आलं, कॉर्डलेस फोनचं बूड सॉकेटला खेटून ठेवलं होतं. असे बरेच फोन १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे केबलमधल्या पट्ट्याच्या वरच्याच भागात, आणि जुन्या केबलची जाळी विरळ. फोन पलीकडच्या खोलीत नेला, थांबलं.

खर्चाचं खरं सांगायचं तर, सॉकेट, कपलर, दोन पाकिटं कनेक्टर, टेप, साधा मल्टिमीटर आणि इलेक्ट्रिशियनचा अर्धा तास मिळून नव्या केबलच्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून थोडं जास्तच गेलं. त्यात सगळ्यात महाग तो अर्धा तास. वाया गेलेली आठवड्याची वर्गणी वेगळी. वेळ मोजला तर नवी केबलच स्वस्त पडली असती. माझी केबल उघडी, भिंतीवरून जाणारी असती तर मी हा उद्योग केला नसता. ती भिंतीत होती, भिंत नुकती रंगवलेली होती आणि लांबी तीस मीटरच्या आत होती, म्हणून केला. यापैकी एक गोष्ट जरी वेगळी असली तरी पहिल्या मुलाचं ऐका.

गच्चीवरच्या डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे : केबलचा मार्ग, माळ्यावर कपलर एक, डक्टमध्ये दोन, २८ फेब्रुवारी, ५.४ ओहम. पहिल्या मोठ्या पावसात क्वालिटी ७० वरून ५१ वर आली, चित्र टिकलं. दुसऱ्या दिवशी गच्ची वाळल्यावर वर जाऊन पुन्हा मोजलं आणि खाली दुसरी तारीख लिहिली. ५.४.